पन्नाशीत सुई हातात घेतली : गोधडी, घरखर्च आणि नवी सुरुवात

धावदोरा

मंडळी, नोकरी गेल्याचे बरेच धागे गेल्या वर्षभरात इथे वाचले. प्रत्येकात एक वाक्य हटकून येतं, "आता या वयात नवीन काय करणार?" त्यावर मला माझं म्हणणं मांडायचं आहे आणि तुमचे अनुभव ऐकायचे आहेत.

माझं वय ४९, राहते नाशिकला. सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब बघायचे. वाहनांचे सुटे भाग बनायचे तिथे. मोठ्या गिऱ्हाइकाने काम काढून घेतलं आणि आमचं अख्खं खातं गुंडाळलं गेलं. यजमानांची नोकरी आहे, पण पगार आहे तिथेच आहे. मुलगा इंजिनियरिंगला, घराचा हप्ता अजून संपायचा आहे. दुसरी नोकरी शोधली नाही असं नाही, पण मुलाखतीत जन्मसाल सांगितलं की समोरच्याची घाई सुरू होते. सध्या दोन दुकानदारांचे हिशेब टॅली या सॉफ्टवेअरवर घरून लिहिते. त्यात घराचा हप्ता निघतो. आणि दुपारी गोधड्या शिवते.

माझं मत असं आहे की हात आखडता घ्यायच्या काळात नवं काही शिकायला बसणं ही चैन नाही. चणचणीच्या दिवसांत माणूस दिवसभर फक्त काय काय गेलं याचीच बेरीज करत बसतो, आणि त्यातून बाहेर यायला हाताखाली काहीतरी तयार होताना दिसावं लागतं. मात्र त्या नव्या कामाच्या डोक्यावर पहिल्या दिवसापासून घर चालवायचं ओझं टाकू नये. टॅली घर चालवते म्हणून माझी गोधडी नीट होते. तिच्यावर किराणा अवलंबून असता तर मी घाईने लांब लांब टाके घातले असते.

गोधडी मला माहेरून ठाऊक होती, पण शिवायला शिकले गल्लीतल्या एका आजींकडून. पहिला धडा सुईचा नव्हता, कापडाचा होता. जुनी साडी उजेडासमोर धरायची आणि विरलेली जागा हेरायची. दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघायची. कर्र असा आवाज आला की तेवढा भाग कापून टाकायचा. मग सोडा घालून गरम पाण्यात धुवायची, म्हणजे जुनी खळ आणि सुटणारा रंग दोन्ही निघून जातात. साड्या एकावर एक अंथरल्या की गुडघ्यांवर बसून मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या काढायच्या, लांब टाचे घालायचे आणि नंतर कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन करत आत यायचं. बोटात अंगुस्तान नसेल तर दुसऱ्या दिवशी सुई धरवत नाही. टेरिकॉट किंवा सिंथेटिक कापडात सुई अडते आणि दोरा करकरतो. सुती नऊवारीत ती अशी जाते की टाका घातल्याचं कळतही नाही. अडचण अशी की सुती साड्या आता मिळत नाहीत. तीसेक वर्षांपूर्वीपासून घराघरांतून सिंथेटिकच नेसली गेली. जुन्या कपड्यांच्या बाजारात मी तासन्‌तास बसते तेव्हा पाच-सहा बऱ्या साड्या हाती लागतात.

हिशेबाची बाई आहे, त्यामुळे आकडे मांडते. साडेचार बाय सात फुटांच्या एका गोधडीला कापड साधारण ७०० रुपयांचं, दोरा १५०, धुणं-इस्त्री धरून आणखी १००. शिलाई हाताने ५५ ते ६० तास. तासाला ५० रुपये धरले तरी २,७५० ते ३,००० रुपये. म्हणजे घरातच ती ३,७०० ते ३,९५० ला पडते. मी ४,५०० सांगते. रस्त्यावर मशीनवर शिवलेली हजाराच्या आत मिळते. लोक हातात घेतात, कौतुक करतात आणि ठेवून देतात.

तर मला विचारायचं आहे : किंमत कमी करावी की थांबावं? आणि तुमच्यापैकी कोणी चाळिशी-पन्नाशीत, पैशाची ओढाताण असताना, अगदी वेगळं काही सुरू केलंय का? घरच्यांना कसं समजावलंत?

ठाकुर्ली_लोकल

ताई, तुमचं लिखाण आवडलं, पण मला थोडं उलट बोलायचं आहे. माझं वय ५४. ऐच्छिक निवृत्ती घेतली, म्हणजे कागदावर ऐच्छिक. माझ्याबरोबर बाहेर पडलेल्या एका मित्राने आलेल्या पैशांतून फोटो स्टुडिओ काढला. कॅमेरे, दिवे, भाड्याचा गाळा, सगळं एकदम. फोटोग्राफीचं त्याला कॉलेजपासून वेड. आज गाळा सोडलाय, कॅमेरे विकलेत आणि तो हातात मोबाईल धरूनसुद्धा फोटो काढत नाही. पैसा गेला तो गेलाच, छंदही गेला. म्हणून मला वाटतं की नवनिर्मिती वगैरे मन स्थिर असलेल्या माणसाने करावी. आधी घर चालवा, पुढचं पुढे.

धावदोरा

दादा, तुमच्या मित्राचं ऐकून वाईट वाटलं. पण गाळा घेतला नसता आणि एकाच कॅमेऱ्यावर रविवारी बारशी-मुंजी केल्या असत्या, तर छंद टिकला असता ना? पुंजी पणाला लावणं आणि शिकायला बसणं ही दोन वेगळी कामं आहेत. माझा आतापर्यंतचा भांडवली खर्च सुया, कात्री, अंगुस्तान आणि एक मोठी सतरंजी. निवृत्तीच्या पैशाला मी हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. घरात तसं कबूलच केलंय. महिन्याला १,५०० रुपये "शिकणे" या नावाने वहीत वेगळे काढायचे, शिकण्यावर त्यापुढे एक रुपया नाही. यजमानांचा विरोध त्या ओळीनेच मावळला. त्यांना भीती माझ्या शिवणाची नव्हती, खर्च कुठे थांबेल ते न कळण्याची होती.

आणि मन स्थिर होण्याची वाट बघायची म्हटलं तर मला निदान मुलाची नोकरी लागेपर्यंत थांबावं लागेल. तोवर डोळे साथ देतील की नाही कोण जाणे.

गिरणगावचा

ठाकुर्लीकरांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण मी लहानपणी जे बघितलं ते सांगतो.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. २.५ लाखांच्या आसपास कामगार बाहेर. माझे वडील लूम खात्यात, म्हणजे मागावर, वय ४३. संप कधी मिटलाच नाही, नुसता विरून गेला. निम्मी चाळ गावाला निघून गेली, त्याबरोबर खाणावळी ओस पडल्या. माझी आई खाणावळ चालवायची, तिची जेवणारी माणसं पंचवीसवरून पाचावर आली. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करून खाणावळवाल्या बायकांना सरकारी बँकांची दारं उघडून दिली होती, सावकाराच्या तावडीतून सोडवलं होतं. आईला त्याच आधारावर थोडा तग धरता आला.

वडिलांचं मात्र फार अवघड झालं. गिरणीत वीस वर्षं काढलेला माणूस, दुसरं काही येत नाही. घरी बसून बसून चिडचिडे झाले. मग लालबागच्या एका बोर्ड पेंटरकडे नुसते गप्पा मारायला जाऊन बसायचे. त्याने एक दिवस त्यांच्या हातात खडू लावलेली दोरी दिली आणि म्हणाला, तिकडून धर. दोघांनी दोरी ताणायची, मध्ये चिमटीने उचलून सोडायची, भिंतीवर सरळ पांढरी रेघ उमटते. ती शिरोरेषा. मग खालची रेघ. मग मधली जागा मोजून अक्षरं बसवायची. वडील कित्येक महिने फक्त दोरी धरत होते आणि अस्तर मारत होते. घरी आल्यावर रद्दी पेपरवर "क" आणि "श" घोटायचे. "श"ची गाठ जमेना म्हणून रात्री दिवा लावून बसलेले मला आठवतात.

पैसे? सुरुवातीला जवळजवळ नाहीच. घर आईच्या डब्यांवर चाललं. पण ते अक्षरं घोटायला लागल्यापासून घरातली भांडणं कमी झाली, हे मी शपथेवर सांगतो. पुढे त्यांनी दुकानांच्या पाट्या, मंडळांचे बॅनर, टेम्पोच्या पाठी अशी पंधरा-सोळा वर्षं कामं केली. फ्लेक्स आला आणि ते काम संपलं, पण तोवर आम्ही भावंडं कमावती झालो होतो.

धावदोराताई म्हणतात तेच घडलं. डब्यांनी घर सांभाळलं म्हणून अक्षराला वेळ मिळाला.

सांगली_हळद

गिरणगावचा, वाचताना गलबलून आलं.

आमच्या भागातलं एक उदाहरण देते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव सगळ्यांना कारखानदार म्हणून माहीत आहे. पण त्यांना व्हायचं होतं चित्रकार. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेले आणि रंग ओळखण्यात दोष निघाला म्हणून चित्रकला सोडावी लागली. मग यांत्रिक रेखाटन शिकले, मुंबईच्याच व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवलं, तिथे बढतीत डावललं गेल्यावर बेळगावात सायकलचं दुकान आणि पुढे लहानसा कारखाना. तिथूनही नगरपालिकेने जागा खाली करायला लावली. १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळ दिला, निवडुंग आणि सापांचा. तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांचा जन्म १८६९ चा, म्हणजे त्या वेळी वय चाळीस-एक्केचाळीस. त्या काळात ते म्हणजे नातवंडं खेळवायचं वय.

लहानपणी किर्लोस्करवाडीवरून रेल्वेने जाताना आजोबा हे सांगायचे तेव्हा मी कारखान्याकडे बघायचे. आता मला त्या हुकलेल्या चित्रकाराचं जास्त वाटतं. रंग गेले तरी रेषा हातात होती आणि पुढे नांगराचे आराखडे त्याच रेषेने काढले. आपण वीस-पंचवीस वर्षं नोकरीत जे शिकलो ते फुकट जात नाही. ताई, तुमच्या गोधडीचा हिशेब बघा ना, इतका स्वच्छ खर्च मांडणारे हस्तकलावाले मी फार थोडे बघितलेत.

शाखाधिकारी

बँकेतून निवृत्त झालोय, त्यामुळे मी कागदपत्रांचं बोलतो. पन्नाशीच्या आसपासच्या लोकांना योजनांबद्दल फार चुकीचं सांगितलं जातं.

राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला तेव्हा त्याला वयाची अट होती, ४५ पर्यंत, महिला आणि काही प्रवर्गांना पाच वर्षं सवलत. केंद्राच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाला (पीएमईजीपी) मात्र १८ च्या वर वयाची कमाल मर्यादाच नाही. महिलेने शहरात उद्योग काढला तर स्वतःचे ५ टक्के घालायचे आणि अनुदान २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के. अनुदान हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेत अडकून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं, हे एजंट लोक सांगत नाहीत. कारागिरांसाठीची केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, तिच्या १८ व्यवसायांत शिंपी आहे, कुंभार, मूर्तिकार, टोपल्या-चटया विणणारे आहेत. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाख. कुटुंबातल्या एकालाच मिळते आणि घरात कोणी सरकारी नोकरीत असेल तर मिळत नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, पूर्ण मोफत आहे. तिचे हजार-दोन हजार मागणारा माणूस भेटला तर तिथूनच परत फिरा. मालाची वर्षाची विक्री ४० लाखांच्या खाली असेल तर राज्यातल्या राज्यात जीएसटी नोंदणीची सक्ती नाही.

एवढं सगळं सांगून ताईंना माझा सल्ला : कर्ज घेऊ नका. तुमच्या कामाला यंत्र लागत नाही, लागतात ते तास. कर्जाने तास वाढत नाहीत, फक्त हप्ता वाढतो. कुंभाराला भट्टी लागते, सुताराला रंधा मशीन लागतं, त्यांनी जरूर विचार करावा.

परभणीकर

मी सगळं वाचलं. एक गोष्ट खटकली ती बोलतो, राग मानू नका.

आमच्याकडे गोधडी, वाकळ ही कोणी छंद म्हणून शिवत नाही. उन्हाळ्यात शेतातलं काम सरलं की बायका ओसरीवर बसतात. माझ्या आईच्या बोटांना त्या सुईने घट्टे पडलेत. दारोदार फिरून गोधडी शिवून देणाऱ्या बायाही येतात, त्यांना एका गोधडीचे तीनशे-चारशे रुपये आणि पायलीभर ज्वारी मिळते. आता शहरात तीच गोधडी साडेचार हजारांना विकली जाते आणि तिला कला म्हणतात. जिने पिढ्यानपिढ्या शिवली तिला काय मिळालं? दुष्काळात जिचं पीक गेलं तिच्यासाठी नवी सुरुवात कुठली?

धावदोरा

परभणीकर, राग कशाला? तुम्ही बोललात ते मला रोज टोचतं.

मी एकटी शिवत नाही. ज्या आजींनी शिकवलं त्या आणि शेजारच्या वस्तीतल्या दोघीजणी माझ्यासोबत शिवतात. त्यातली एक तुमच्याच बाजूची, कोरडवाहू शेती सोडून इथे आलेली. प्रत्येकीची वही वेगळी. किती तास बसली ते ती स्वतः लिहिते, मी लिहीत नाही. तासाला ५० रुपये गोधडी विकली जावो न जावो. आजींना शिकवण्याचे वेगळे. मगाशी मी किंमत कमी करू का असं विचारलं, पण तुमचं वाचल्यावर ते स्पष्ट झालं. कापडाचे पैसे कमी होत नाहीत, दोऱ्याचे होत नाहीत. किंमत कमी करायची म्हणजे फक्त त्या ३,००० मधून कापायचं, म्हणजे त्या बायकांच्या आणि माझ्या बोटांतून. ते मी करणार नाही. कमी विकल्या गेल्या तरी चालेल.

तुमच्या आईच्या हातची घडी, टाक्याची पद्धत, कोपऱ्यात काय घालतात, हे जमलं तर लिहा. त्या स्वतः फोनवर बोलतील तर मला फार आवडेल.

परभणीकर

वही ती स्वतः लिहिते हे वाचून बरं वाटलं. आईला विचारलं. ती म्हणते, आधी हे विचार की त्या साड्यांच्या मध्ये काय घालतात? आमच्याकडे वडिलांची जुनी धोतरं घालतात. ते सुती कापड मध्ये असलं की गोधडी गरम राहते आणि गोळा होत नाही. तिला फोनवर बोलायला आवडेल, पण संध्याकाळी धारा काढून झाल्यावर.

मनातलं_एडिसन

न्यू जर्सीहून लिहितोय. वय ५२, आयटीतली नोकरी मार्चमध्ये गेली. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे म्हणून मी इथे आहे तरी. एच-वन-बी या नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर असलेल्या आमच्या ओळखीतल्या तरुण जोडप्याला नवी नोकरी शोधायला ६० दिवस होते, ते सामान आवरून पुण्याला परतले. मी सध्या एका ग्रंथालयात सुतारकामाचा वर्ग करतोय. पहिला स्टूल डुगडुगतो, दुसरा जरा बरा आहे. बायको म्हणते, महिन्यांनी तुला शांत झोपलेलं बघितलं.

ताई, विचारायचं होतं वेगळंच. आई गेली, तिच्या साड्यांची पेटी दादरला बहिणीकडे आहे. दोघांनाही ती उघडवत नाही. त्या साड्यांची गोधडी करून द्याल का? दोन हव्यात, एक बहिणीला. पैशांचा प्रश्न नाही.

धावदोरा

जरूर करू. माझ्याकडे येणाऱ्या कामांत अशी कामं आता बरीच असतात, आणि कापडाची अडचणही त्यामुळे सुटते. तुमचं कापड असल्याने फक्त शिलाई, दोरा आणि धुणं, म्हणजे एकीचे साधारण ३,३००.

पण आधी काही गोष्टी सांगते. कात्री लागली की साडी परत येत नाही, म्हणून दोघा भावंडांनी मिळून निवडा आणि एक-दोन अख्ख्या बाजूला ठेवा. रेशमी साड्या घडीवर चिरतात, त्या वरच्या थराला चालत नाहीत. जरीचे काठ अंगाला टोचतात, ते उसवून कडेला बाहेरून लावता येतात. प्रत्येक साडीचा कापण्याआधी फोटो काढून पाठवते आणि तुमचा होकार आल्याशिवाय कात्री लावत नाही. दोन्हींमध्ये सगळ्या साड्यांचा तुकडा येईल असं बघते, म्हणजे कोणाला कुठली मिळाली हा प्रश्न राहत नाही. मधल्या थराला परभणीच्या मावशी म्हणतात तसं धोतर असेल तर द्या. वडिलांचं असेल तर उत्तमच.

घाई मात्र करू नका. दोन गोधड्यांना तीन महिने लागतील.

सांगली_हळद

ताई, किमतीचं उत्तर तुम्हाला इथेच मिळालं बघा. साडेचार हजारांची गोधडी अनोळखी माणसाला महाग वाटते, स्वतःच्या आईच्या साड्यांची शिलाई महाग वाटत नाही. फलकावर "गोधडी विक्रीस" लिहिण्याऐवजी "तुमच्या साड्यांची गोधडी शिवून मिळेल" असं लिहा.

ठाकुर्ली_लोकल

दोन दिवस हा धागा सोडवत नाहीये. गिरणगावच्यांच्या वडिलांचं "श" घोटणं फारच लागलं.

माझ्याकडे वडिलांची पेटी आहे, बाजाची. भाता गळतो, दोन स्वर कापतात. दुरुस्तीला नेली तर दुकानदार म्हणाले, हे काम करणारी माणसं आता कमी झाली, महिनाभर थांबा. मी आयुष्यभर मशीन मेंटेनन्समध्ये होतो. उघडून बघावी असं फार वाटतंय. शिकता येईल का या वयात? आणि ताई, ते "शिकणे" नावाचे १,५०० रुपये बायकोशी बोलून ठरवलेत. तिने १,००० ला मंजुरी दिली आहे.

गिरणगावचा

दादा, वडिलांची पेटी आधी उघडू नका. जुन्या बाजारातून एखादी मोडकी घ्या आणि तिच्यावर हात बसवा. आणि त्याच दुकानदाराकडे शनिवारी जाऊन बसा. काम मागू नका, नुसते बसा. हाताखाली माणूस हवाच असतो, तो स्वतः काहीतरी धरायला सांगेल.

दुपारचा_चहा

पहिल्यांदाच लिहितेय. वय ५६, नाशिकरोडला राहते. धावदोराताई, शिकवता का? सुई कितव्या नंबरची आणू?

धावदोरा

या ना! मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी अडीच ते पाच. पत्ता व्यक्तिगत निरोपाने कळवते. सुई आणू नका, माझ्याकडे आहेत, नवीन माणूस नेहमी जाडच आणतो. दोन जुन्या सुती साड्या किंवा धोतर मिळालं तर आणा, धुतलेलं. आणि चष्मा जवळचा आणा.